तळ्यातला मासा कधी आणि कुठे जेवतो

गळ घेऊन तळ्यावर जाणारा नवशिका दोन-तीन रविवार रिकाम्या हाताने परतला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: आमिष कोणतं लावायचं? कुणी गांडूळ सांगतं, कुणी कणकेत लसूण मळायला सांगतं, कुणी दुकानातल्या सुगंधी अर्काची बाटली सुचवतं. यातला एकही सल्ला चुकीचा नाही, पण हे सगळे एका उशिराच्या प्रश्नाची उत्तरं देतात. तळ्यात कोणते मासे आहेत, आपल्याला हवा तो मासा पाण्याच्या कोणत्या थरात वावरतो, कोणत्या प्रहरी त्याला खावंसं वाटतं आणि काठावरच्या माणसाची चाहूल त्याला लागली आहे का, हे चार प्रश्न आमिषाच्या आधी येतात. माझं म्हणणं असं की नवशिक्याचं अपयश बहुतेक वेळा या चारांतच असतं, आणि त्यातही वेळेचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. ज्या पाण्यात मासा जेवायला आलेलाच नाही तिथे उत्तमातलं उत्तम आमिषही पडून राहतं, आणि भुकेला मासा समोर असेल तर साधी कणीकही पुरते.

सुरुवात तळ्यात कोण आहे इथून करावी लागते, आणि महाराष्ट्रातल्या तळ्यांच्या बाबतीत याचं उत्तर पाण्यापेक्षा माणसांकडे जास्त असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतले जुने मालगुजारी तलाव असोत, दुष्काळी पट्ट्यातले पाझर तलाव असोत, गावतळी असोत की प्लास्टिकचं अस्तर घातलेली नवी शेततळी, त्यांतले रोहू, कटला आणि मृगळ बहुतेक करून कुणीतरी सोडलेले असतात. हे तीनही मासे मूळचे नदीतले. साचलेल्या पाण्यात त्यांची अंडी पिकतात, पण ते तिथे अंडी घालत नाहीत; त्यासाठी त्यांना पावसाळी पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. त्या प्रयोगाची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. नवशिक्यासाठी या इतिहासाचा उपयोग अगदी रोकडा आहे. तळ्यात बोटुकली कधी सोडली, कोणत्या जातीची सोडली, मागचं जाळं कधी फिरलं, हे सांगू शकणारी माणसं गावातच असतात. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि भोई, ढीवर अशा पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगलेल्या समाजांची माणसं त्या चालवतात. तिथे गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावीच लागते, कारण ते मासे त्यांनी पैसे घालून वाढवलेले असतात. परवानगी मागायला गेलेल्या माणसाने बोटुकलीची चौकशीही करावी. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यात महिनाभर गळ टाकूनही न कळणाऱ्या गोष्टी कळतात.

आता या तीन माशांच्या तोंडाकडे नीट पाहा, कारण कोण कुठे जेवतो हे तिथेच कळतं. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या दिशेला वळलेलं असतं. तो पृष्ठभागाजवळ फिरतो आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचं तोंड थोडं खाली वळलेलं, ओठ जाड आणि झालरीसारखे. तो मधल्या थरात वावरतो आणि वनस्पतींचे कुजके तुकडे, शेवाळ, दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो तळाच्या गाळातलं खातो. या तिघांना एकाच तळ्यात सोडण्यामागचं शास्त्रच हे आहे की कुणी कुणाच्या ताटातलं खाऊ नये. तिन्ही जाती एकत्र सोडताना पुष्कळदा ४:३:३ असं प्रमाण सुचवलं जातं: चार कटले, तीन रोहू, तीन मृगळ. आता नवशिक्याच्या सवयीकडे बघा. तो गळाला जड शिसं बांधतो, वर गांडूळ लावतो आणि फेकतो. आमिष थेट तळाशी जाऊन बसतं. म्हणजे दहा माशांतल्या सात जणांशी त्याने संबंधच ठेवलेला नाही, आणि उरलेल्या तीन मृगळांचं नेहमीचं अन्न गांडूळ नव्हे, कुजका गाळ आहे. ज्या तळ्यात सिल्व्हर कार्प सोडलेला असतो तिथे फसगत आणखी वाढते. तो पृष्ठभागाजवळ थव्याने फिरतो आणि दचकला की पाण्याबाहेर उड्या मारतो. ते पाहून माणसाला वाटतं, इथे मासेच मासे आहेत. असतातही, पण तो मासा हिरवे सूक्ष्म जीव कल्ल्यांनी गाळून जगतो, गळाच्या आमिषाकडे सहसा वळत नाही. त्याच्या उड्या मोजत दुपार घालवण्यात अर्थ नाही.

म्हणून नवशिक्याने सोडलेल्या माशांइतकंच तळ्यात आपसूक वाढणाऱ्या माशांकडे लक्ष द्यावं. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा त्यातला सगळ्यांत सोयीचा. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला आणि पुढे त्याने देशभरातल्या तळ्यांत आपलं बस्तान बसवलं. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं फार वाचतात. तळ्यात गर्दी होते, अन्न पुरत नाही, मासे खुरटे राहतात आणि सतत भुकेले असतात. मत्स्यशेतीसाठी ही डोकेदुखी आहे, पण गळ शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणार नाही. उथळ पाण्यात थाळीएवढे स्वच्छ खळगे दिसले की ती चिलापीच्या नरांनी खणलेली घरटी समजावीत. लहान गळ, वाटाण्याएवढी कणीक किंवा गांडुळाचा तुकडा, आणि गुडघाभर ते कमरेएवढं पाणी एवढं पुरतं. मरळ ही याच्या उलट टोकाची गोष्ट. ती शिकारी आहे, बेशरमाच्या झुडपांखाली, शिंगाड्याच्या वेलांत, कमळाच्या पानांआड दबा धरून बसते आणि हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालते. तिच्यासाठी कणीक लावून बसणं म्हणजे दिवस वाया. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा थवा एकत्र वर-खाली होताना दिसला, तर त्याच्या खाली पालक मरळ राखणीला असते. ती तेव्हा पटकन गळाला झोंबते, कारण ती पिल्लांचं रक्षण करत असते. तिला त्या वेळी धरलं तर थवा उघडा पडतो आणि बाकीचे मासे पिल्लांना संपवतात. पिल्लं असलेल्या मरळीवर गळ टाकू नये असं माझं ठाम मत आहे. या एका संयमाने पुढल्या वर्षीची मरळ वाचते.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. मासेमारीची जवळपास सगळी पुस्तकं आणि चित्रफिती पहाटेची वेळ सांगतात. उजाडण्यापूर्वी काठावर पोचा, पहिल्या उजेडात मासा लागतो. थंड प्रदेशातल्या नितळ सरोवरांत हे खरं आहे. आपल्याकडच्या हिरव्यागार गावतळ्यात मात्र हा सल्ला पुष्कळदा उलटा पडतो, आणि त्याचं कारण प्राणवायू आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात कमी प्राणवायू मावतो: २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलीग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलीग्रॅम. हा झाला हवेतून मिळणारा साठा. हिरव्या तळ्यात सूक्ष्म वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करून त्यात मोठी भर घालतात, इतकी की दुपारनंतर पाण्यात मावेल त्याहून जास्त प्राणवायू असू शकतो. पण सूर्य मावळला की हे उत्पादन थांबतं आणि त्याच वनस्पती, तळातले जिवाणू, मासे, किडे सगळे मिळून रात्रभर तो साठा खर्च करतात. साठा सर्वांत कमी होतो तो नेमका सूर्योदयाच्या आधी. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. लिटरमागे ५ मिलीग्रॅम असावा अशी त्यांची अपेक्षा असते आणि तो ३ च्या खाली घसरला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. पहाटे काठावर पोचलेल्या नवशिक्याला हे दृश्य दिसतं आणि तो हरखून जातो: शेकडो मासे वर आलेले, तोंडं हलताहेत, म्हणजे जेवताहेत! प्रत्यक्षात ते श्वासासाठी धडपडत असतात. अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो, त्यामुळे गुदमरलेला मासा समोरचं खाद्यही सोडून देतो. अशा पाण्यात सूर्य वर येऊन तास-दोन तास झाल्यावर, म्हणजे साधारण आठ ते अकराच्या दरम्यान मासा खाऊ लागतो, आणि पुन्हा ऊन उतरल्यावर, जेव्हा दिवसभराचा प्राणवायू साठलेला असतो पण पाण्याचा वरचा थर निवू लागलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की अनेक जण पहाटेच मासे पकडतात. पकडतात, आणि त्यामागे दोन कारणं असू शकतात. एक तर त्यांचं तळं नितळ असतं. हिरवेपणा कमी असला की रात्रीचा खर्चही कमी आणि पहाटही चांगली. दुसरं, त्यांना मिळणारे मासे मरळ किंवा मांगूर असतात. या माशांना हवेतला प्राणवायू घेण्यासाठी वेगळी इंद्रियं असतात, त्यामुळे पाण्यातल्या टंचाईचा त्यांना फारसा फरक पडत नाही. उलट इतर मासे अर्धमेले असताना त्यांची शिकार सोपी होते. म्हणजे पहाट चांगली की वाईट, हा प्रश्न तळं आणि मासा सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. तळ्याची परीक्षा करायला उपकरण लागत नाही. मत्स्यशेतकरी करतात तसा हात कोपरापर्यंत सरळ पाण्यात घालावा. तळवा कोपर बुडण्याच्या बऱ्याच आधी हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला तर तळं फार हिरवं आहे, तिथे पहाटेचा नाद सोडावा. कोपर बुडेपर्यंत तळवा अस्पष्ट का होईना दिसत राहिला तर पहाटेलाही संधी आहे. पाणी मातकट असेल तर ही परीक्षा लागू नाही, कारण तिथे दिसेनासं होण्याचं कारण गाळ असतो, सूक्ष्म वनस्पती नव्हे.

ऋतूचा विचारही याच दोन गोष्टींवर, म्हणजे उष्णता आणि प्राणवायूवर, उभा राहतो. मासा स्वतःचं शरीर गरम ठेवत नाही. पाणी थंड झालं की त्याची पचनक्रिया मंदावते. आपले कार्प मासे साधारण २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात जोमाने खातात आणि पाणी २० अंशांच्या खाली गेलं की त्यांचं खाणं बरंच घटतं. विदर्भातल्या किंवा नाशिक भागातल्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला कुडकुडत बसणारा माणूस म्हणूनच चुकीच्या वेळी बसलेला असतो. तिथे दुपारी बारा ते चार ही वेळ धरावी, आणि जागा अशी निवडावी जिथे सकाळपासून ऊन पडलेलं उथळ पाणी खोल पाण्याला लागून आहे. उन्हाळ्यात उलट. पाणी आटलेलं, मासे थोड्या जागेत कोंडलेले, तळाशी सडलेल्या अंड्यासारखा वास येणारा काळा गाळ. अशा तळाशी प्राणवायू जवळपास नसतो आणि मृगळसुद्धा तिथे थांबत नाही. आमिष तळापासून हातभर वर ठेवावं लागतं. वारा सुटला असेल तर तो ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ धरावा, कारण लाटांनी तिथे प्राणवायू मिसळतो आणि तरंगणारं अन्नही तिकडेच ढकललं जातं. तोंडावर वारा घेऊन गळ फेकणं गैरसोयीचं असतं, म्हणून बहुतेक जण पाठीशी वारा घेऊन बसतात. ही सोय महागात पडते. पावसाळ्यात जिथून ओढ्याचं नवं पाणी तळ्यात येतं ती जागा सर्वांत चांगली: येव्याबरोबर गांडुळं, किडे वाहून येतात आणि पाणी ताजं असतं. मात्र सलग चार-पाच दिवस आभाळ भरलेलं राहिलं, तर सूर्यप्रकाशाअभावी हिरव्या तळ्यातला प्राणवायू दिवसाही वाढत नाही आणि भर पावसाळ्यात मासा रुसतो. ‘ढगाळ हवेत मासा लागतो’ हा नियम म्हणूनच अर्धा खरा आहे; एप्रिल-मे महिन्यातल्या एखाद्या झाकोळलेल्या दुपारी तो लागू पडतो, श्रावणातल्या झडीत पडत नाही.

चौथा प्रश्न चाहुलीचा. काठावर बोलू नका, मासा पळतो, असं प्रत्येक नवशिक्याला दटावलं जातं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. हळू आवाजातल्या गप्पांनी तळ्यातल्या माशाला काही होत नाही. पण तळ्याच्या पाळीवरून आपटत चालणं, पेटी दाणकन ठेवणं, काठावर दगडाने खुंटी ठोकणं याचा हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चारपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, जातो. कार्प आणि मांगूर यांच्या कुळांत हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणाऱ्या छोट्या हाडांची एक साखळी असते. अर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. तिच्यामुळे हे मासे बारीक कंपनंही टिपतात. चिलापीला आणि मरळीला अशी साखळी नसते, आणि गजबजलेल्या घाटाशेजारीही चिलापी मिळते, याचं एक कारण तेही असावं. दिसण्याचंही गणित आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्यावरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दिसतं, आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या शंकूच्या कडेला चेपल्या जाऊन जवळपास नाहीशा होतात. पृष्ठभागाजवळ असलेल्या, पाच मीटरवरच्या माशाच्या दृष्टीने पाण्याच्या पातळीला उभा असलेला माणूस क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर येतो. तोच मांडी घालून बसला तर ९ अंशांवर राहतो, म्हणजे त्या चेपलेल्या पट्ट्यात जातो. उंच पाळीवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं राहून गळ टाकणारा स्वतःची जाहिरातच करत असतो. पाणी गढूळ असेल तर दिसण्याचा प्रश्न मिटतो, हादऱ्याचा मिटत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात, कारण इथे चुका मोजक्याच आहेत पण जवळजवळ सगळेच त्या करतात. गळ फार मोठा असतो. गळाच्या क्रमांकाचा हिशोब उलटा आहे, आकडा वाढला की गळ लहान होतो. चिलापीसाठी १० किंवा १२ क्रमांक, अर्धा-पाऊण किलोच्या रोहूसाठी ८ किंवा १० पुरेसा. तंगूस गरजेपेक्षा जाड असतो. पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस गावतळ्यातल्या बहुतेक माशांना पुरून उरतो. आणि वरचं बूच फार मोठं असतं. कार्प माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो अन्न पाण्यासकट आत ओढतो, चाचपतो आणि खटकलं तर क्षणात बाहेर फेकतो. बूच जड असेल तर ओढताना त्याला विरोध जाणवतो आणि काठावरच्या माणसाला काही कळण्याआधी आमिष थुंकलेलं असतं. मोरपिसाचा देठ, त्याचं फक्त टोक पाण्यावर राहील इतकं शिसं, आणि शेवटचा शिशाचा मणी गळापासून चार बोटांवर, अशी जुळणी केली की मृगळाचा घास वेगळाच दिसतो: तो आमिष तळावरून उचलतो तेव्हा देठ बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. देठ बुडण्याची वाट पाहणारा नवशिका नेमका हाच इशारा सोडून देतो. खोली मोजायची तर गळाला तात्पुरतं जड शिसं अडकवून देठ वर-खाली सरकवत तळ शोधावा. हे केलं नाही तर रोहूसाठी मधल्या थरात आमिष ठेवायचं ही वर केलेली चर्चा कागदावरच राहते.

यावरचा सगळ्यांत मोठा आक्षेप असा की गावातला एखादा म्हातारा साधी बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन बसतो आणि टोपली भरून नेतो. त्याने कुठे प्राणवायू मोजला? माझ्या मते हा आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तो माणूस त्याच तळ्यावर, त्याच काठावर, ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वेळी जातो; वर मांडलेलं सगळं त्याने निरीक्षणातून कमावलेलं असतं आणि त्याला ते सांगायची गरज पडत नाही. पाहणाऱ्याला मात्र फक्त गांडूळ दिसतं. ही समज आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांच्या राहण्याच्या जागा आणि कोणत्या माशाला कोणतं खाद्य घालावं याचा विचार केलेला आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांना भारतातल्या तळ्यांवरच्या गळासाठी वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं, ‘टँक अँगलिंग इन इंडिया’, १८८७ साली. नदीचे नियम तळ्याला लावता येत नाहीत हे त्यांना पटलेलं होतं. आमिषाला काहीच महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून केलेला गोळा खरोखर चांगला चालतो, कारण मत्स्यशेतीत त्याला तेच खाद्य मिळतं आणि तो त्या वासाला सरावलेला असतो. शेततळ्यात तर मासे रोज ज्या कोपऱ्यात आणि ज्या वेळी खाद्य पडतं तिथे आपणहून जमतात. तिथे कोपरा आणि वेळ विचारून घेणं हेच निम्मं काम. चारा टाकायचा तर मूठभरच टाकावा आणि पुन्हा पुन्हा टाकावा. कार्प माशांना जठर नसतं, ते थोडं थोडं सतत खातात; एकदम टोपलीभर चारा ओतला तर ते त्यावरच भागवतात आणि उरलेला कुजून पाणी आणखी बिघडवतो.

दुसरा आक्षेप तिथीचा. अमावास्या-पौर्णिमेला मासा जास्त लागतो, हे कोकणात इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ते खोटं म्हणायला धजावत नाही, आणि खाडीच्या बाबतीत म्हणायची गरजही नाही. खाडीत उधाणाच्या भरतीला पाणी दूरवर आत शिरतं, मासा त्याच्यामागे येतो, आणि भांगेच्या दिवसांत ही हालचाल मंदावते. तिथे तिथी म्हणजे पाण्याचं प्रत्यक्ष मोजमाप आहे. पण पाझर तलावाला भरती येत नाही. खाडीवर पिढ्यान् पिढ्या खरा ठरलेला नियम देशावरच्या तळ्यावर आणला की त्याचं कारण मागे राहतं आणि नुसता ठोकताळा उरतो. तळ्यावर जाणाऱ्याने पंचांगापेक्षा मागच्या चार दिवसांचं ऊन, वारा आणि पाऊस पाहावा.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला वळसा घालता येत नाही: काही तळ्यांत पकडण्याजोगा मासा नसतोच. दरवर्षी मे महिन्यात कोरड्या पडणाऱ्या तळ्यात जुने मासे राहत नाहीत; पावसाळ्यात सोडलेली बोटुकली चांगलं खाद्य मिळालं तर वर्षभरात किलोच्या आसपास जाते, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला ती गळाच्या जोगी झालेली नसते. ठेकेदाराचं जाळं नुकतंच फिरलेलं असेल तर उरलेले मासे थोडे आणि बुजलेले असतात. हे ओळखायला मार्ग आहेत. सकाळी आठ-नऊला, मासे खायच्या वेळी, अर्धा तास नुसतं पाणी पाहावं: तळ उकरणारे मासे बुडबुड्यांच्या ओळी सोडतात, रोहू शेवाळाच्या कडेला कुरतडताना पाणवनस्पतींचे देठ हलतात, खंड्या उथळ पाण्यावर घिरट्या घालतो, पाणकावळे बुड्या मारतात. यातलं काहीच दिसत नसेल, दोन-तीन वेगवेगळ्या खोलींना पेंडेचा गोळा सकाळ-दुपार शिवलाही जात नसेल आणि गावातही तळं मे महिन्यात आटलं होतं असं कळत असेल, तर आमिष बदलून काही होणार नाही. लहान मासे लागत असतील तर ते ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही जगत नाही. तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्यावा, कारण काठावर राहिलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकतात. मग अशा तळ्यातले मासे पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाढू द्यावेत आणि बारमाही पाणी असलेलं, जुनी चिलापी असलेलं दुसरं तळं शोधावं.